शेवटच्या प्रकरणाला टाके

पनवेल गावातल्या वाचनालयात जा, रहस्यकथांच्या कपाटातलं कुठलंही जुनं पुस्तक काढा आणि त्याचं शेवटचं प्रकरण उजेडाकडे धरा. पानांच्या कडेला एका ओळीत सुईची भोकं दिसतील. नव्या सभासदाला ती कसर लागल्याची खूण वाटते. जुने सभासद भोकं बघून एवढंच म्हणतात, "हे त्यांचं वाचून झालेलं दिसतंय." ते म्हणजे आमचे घरमालक. मी त्यांना काका म्हणायचे, आणि आजही कुणी रहस्यकथांचा विषय काढला की मला खुनी, पिस्तूल, अंधारी खोली असलं काही आठवत नाही. काकूंच्या हातातली सुई आठवते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली पाच-सात वर्षं. मी न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे कंटेनरची कागदपत्रं तयार करायचे आणि राहायला पनवेलमध्ये खोली शोधत होते. मुलगी एकटी राहणार म्हटल्यावर घरमालक लोक ज्या चौकशा करतात त्या सगळ्या मी तोपर्यंत पाठ केल्या होत्या. पाहुणे येणार का, मासे शिजवणार का, लग्न कधी करणार. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "रहस्यकथा वाचतेस का?"

मी म्हटलं, नाही. कागदावर खेळणी लिहिलेली असतात आणि कंटेनरमधून चपला निघतात, एवढं रहस्य मला दिवसभराला पुरतं.

"उत्तम. मग उद्यापासून ये राहायला. वाचणारी माणसं जिन्यात गाठून खुनी सांगतात."

माझ्या आधीचा भाडेकरू याच गुन्ह्यासाठी गेला होता, हे मला पुढे काकूंकडून कळलं. तसा बिचारा सज्जन होता, वेळच्या वेळी पाणी भरायचा. फक्त एकदा काकांच्या हातातलं पुस्तक बघून तो म्हणाला, "अरे वा, यातला तो वकील काय पक्का निघतो ना!"

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, घासून हलकी केलेली वजनं पकडली, पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा नखानं काढून दाखवला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते मंडईत शिरले की भाजीवाले अजूनही न सांगता रिकामा काटा उचलून दाखवायचे. बारशाला गेले की बाळाला दोन्ही हातांवर घेऊन त्याचं वजन सांगायचे, आणि ते दवाखान्यातल्या वजनाशी जुळलं नाही तर दवाखान्याचा काटा तपासून घ्यायला सांगायचे. "मला कुणी फसवलेलं नाही" हे वाक्य ते इतक्या वेळा आणि इतकं सहज म्हणायचे की ऐकणाऱ्याला तो आगाऊपणाही वाटत नसे. कुणी आपली उंची सांगावी तसं ते सांगायचे.

आता हा माणूस रहस्यकथा कशा वाचायचा ते सांगते. नवं पुस्तक घरात आलं, मग ते वाचनालयातलं असो की रद्दीवाल्याकडून आणलेलं, की ते आधी काकूंच्या हातात जायचं. काकू शेवटचं प्रकरण कुठे सुरू होतं ते शोधायच्या, ते स्वतः वाचून काढायच्या, आणि मग सुई-दोरा घेऊन त्या पानांच्या कडेला धावदोरा घालून टाकायच्या. चुकून पान उलटायला नको, नजर पडायला नको. इतकं झाल्यावर पुस्तक काकांच्या स्वाधीन. काका पहिल्या पानापासून टाक्यांपर्यंत वाचायचे आणि तिथे थांबायचे.

त्यानंतर निकालाचा कार्यक्रम. काका तोंड धुऊन, शर्ट घालून ओट्यावर येऊन बसायचे. समोर त्यांचा जुना पितळी तराजू आणि वजनांची लाकडी पेटी. मग ते कथेतल्या एकेका संशयिताला पारड्यात घालायचे. "पुतण्या. इस्टेटीचा हेतू, दोनशे ग्रॅम. त्या दिवशी घरात होता, शंभर. पण दम्याचा विकार, जिना चढून गळा आवळणं कठीण, म्हणून यातले पन्नास कमी." पेटीतली वजनं खरोखर चढायची आणि उतरायची. कधीकधी डॉक्टर आणि मोलकरीण अगदी तोलात यायचे, तेव्हा काका एवढंसं दहा ग्रॅमचं वजन चिमटीत धरून डोळे मिटून बसायचे. मग ते वजन पडायचं, पारडं खाली जायचं आणि काका नाव सांगायचे.

काकू समोरच मेथी निवडत नाहीतर तांदळातले खडे काढत बसलेल्या असायच्या. मान वर न करता त्या म्हणायच्या, "बरोबर."

काका सुस्कारा टाकायचे. "सोपं होतं."

हे मी राहायला गेले तेव्हापासून बघत होते, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे लग्नापासून चालू होतं. काकांचा निकाल चुकल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. आणि एकदा निकाल लागला की टाके घातलेलं प्रकरण ते वाचतही नसत. झालेल्या परीक्षेचा पेपर पुन्हा कशाला सोडवायचा, म्हणायचे. वाचनालयाची पुस्तकं काकू टाके उसवून परत करायच्या. घरची पुस्तकं मात्र तशीच टाके घातलेली कपाटात जायची.

या कपाटाला तीन कप्पे. खालच्या कप्प्यात ज्यांचा खुनी काकांना पहिल्या पंचवीस पानांतच कळला ते लेखक. मधल्या कप्प्यात ज्यांनी निदान अर्ध्यापर्यंत वजनं वर-खाली करायला लावली ते. वरचा कप्पा रिकामा. त्यात स्वच्छ वर्तमानपत्र अंथरलेलं असायचं आणि काका रोज सकाळी फडक्यानं तो पुसायचे. घरी येणारा कुणीही विचारायचा, एवढं वाचता, मग तुमचा आवडता रहस्यकथाकार कोण? काका नुसतं त्या कप्प्याकडे बोट दाखवायचे.

"जो मला फसवेल तो. त्याच्यासाठी जागा ठेवलीये."

काकूंचं वाचन याच्या बरोबर उलटं होतं. त्यांनी आयुष्यात फक्त शेवटची प्रकरणं वाचली होती. एकदा मला म्हणाल्या, "मला बाई सगळे खुनी माहितीयेत. मेलं कोण, ते एकाही पुस्तकात माहीत नाही." मी विचारलं, मग गंमत काय त्यात? तर म्हणाल्या, गंमत कसली, शेवटी सगळे एका खोलीत गोळा होतात, सगळ्यांना चहा दिला जातो आणि चहा नेमका गुन्हेगाराचा तसाच राहतो. चहा वाया जातो याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

काकांची ही विद्या घरच्या कामालाही जुंपलेली असायची. परसात शेवग्याचं झाड होतं आणि दर हंगामात त्याच्या शेंगा गायब व्हायच्या. काकांनी रीतसर तराजू मांडला. एका पारड्यात शेजारच्या नव्या इमारतीचा वॉचमन, दुसऱ्यात मी. मला स्वयंपाक येत नाही म्हणून माझे पन्नास ग्रॅम कमी झाले आणि वॉचमन दोषी ठरला. काकू तेव्हाही "बरोबर" म्हणाल्या होत्या. तो बिचारा गावाकडून आलेला, त्याला शेवगा म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं, पण पुढचा महिनाभर काका त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे की तो आमच्या कुंपणापासून लांबून चालायला लागला.

सुट्टी घेऊन घरी होते त्या एका दुपारी मला खरा प्रकार कळला. काका आत झोपले होते. उरणहून मासळी घेऊन येणारी बाई मागच्या दाराशी टोपली उतरवून दबक्या आवाजात विचारत होती, "काकी, शेंगा हायत का आज? आमचे घरात आमटी ठेवलीय." काकूंनी पदराखालून शेंगांची जुडी काढून दिली आणि पातेलं पुढे केलं. तिनं त्यात दोन ओंजळी कोळंबी टाकली. काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे बघितलं, आणि रात्रीच्या जेवणात काकांनी कोळंबीचं कालवण दोनदा मागून घेतलं. ही बाई इतकी स्वस्त कशी देते, याचं त्यांना नवल वाटलं. तेवढ्यावर त्यांनी तपास सोडून दिला.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आली नाही. मीही काकांच्या घरात राहून थोडीफार काकांसारखीच झाले असणार.

शंका आली ती काकू नाशिकला निघाल्या तेव्हा. मुलीचं बाळंतपण होतं, दोन-अडीच महिने तरी जाणार. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. मला वाटलं दूधवाल्याचं, गॅसचं सांगणार. त्यांनी सुईदोऱ्याचा डबा माझ्या हातात ठेवला. शेवटचं प्रकरण कसं ओळखायचं, टाके किती अंतरावर घालायचे, सगळं दाखवलं. आणि मग म्हणाल्या, "ह्यांनी नाव सांगितलं की 'बरोबर' म्हणायचं."

"आणि चुकलं असलं तर?"

"तरी बरोबरच म्हणायचं. बहुतेक चुकतंच."

काकू शांतपणे डब्याचं झाकण लावत होत्या. मग त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगितली. काका तेव्हा रायगडातल्याच एका छोट्या गावी नोकरीला होते. एका पुस्तकात त्यांनी खुनी म्हणून स्वयंपाक्याचं नाव घेतलं आणि नव्या नवरीनं निरागसपणे सांगून टाकलं, चूक. काका जेवले नाहीत. सकाळी लवकर उठून ऑफिसला गेले आणि त्यांनी गावातला सगळा बाजार पुन्हा तपासायला घेतला. मी इथे चुकलो तर तिथेही चुकलो असेन, असा त्यांचा हिशेब. ज्यांच्या काट्यांवर त्यांनी आदल्याच महिन्यात शिक्का मारला होता त्यांचेही काटे जमा केले. आठवडी बाजाराच्या दिवशी गावात कुणाकडे काटाच नाही. माणसं वांगी नगावर आणि तांदूळ ओंजळीनं विकत घेत होती. शेवटी चार व्यापारी काकूंकडे हात जोडून आले. काकूंना त्यांना काय सांगावं ते कळेना. पुढच्या पुस्तकाला काकांनी नाव सांगितलं, तेही चुकलेलंच होतं. काकू म्हणाल्या, बरोबर. दुसऱ्या दिवशी बाजार सुरळीत सुरू झाला.

"तेव्हापासून तेच म्हणते," काकू म्हणाल्या. "आता ते निवृत्त झालेत, पण सवय झाली. मलाही, त्यांनाही."

काकू गेल्या आणि आठवड्याभरात माझी परीक्षा झाली. काकांनी तराजू मांडला, वजनं चढवली आणि डॉक्टरचं नाव जाहीर केलं. शेवटचं प्रकरण मी आदल्याच रविवारी वाचलं होतं. खून धाकट्या जावेनं केला होता. मी म्हटलं, "बरोबर." आवाज असा निघाला की कुंपणावरचा कावळा उडाला.

काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "घसा साफ करून बोलत जा. निकाल स्वच्छ ऐकू यायला पाहिजे."

इथे चाचांना आणलं पाहिजे. चाचा गावातल्याच मोहल्ल्यात राहायचे. ऐन उमेदीची वर्षं आखातात एका कंपनीच्या गोदामावर काढून आलेले, उंच, सडपातळ, कपड्यांना हलका अत्तराचा वास. परदेशात संध्याकाळी करायला काही नसायचं म्हणून त्यांनी मराठीत रहस्यकथा लिहायला घेतल्या, आणि परत आल्यावर त्या स्वतःच्या खर्चानं छापल्या. त्यांचे सगळे खून आमच्या परिसरातच व्हायचे. पळस्पे फाट्यावर ट्रकच्या टपावर मृतदेह सापडायचा, बंदरात सील न तोडता कंटेनरमध्ये माणूस निघायचा. मला त्या कथा फार आवडायच्या, कारण त्यातली कागदपत्रं अगदी बिनचूक असायची. पनवेलमध्ये मात्र त्या फारशा कुणी वाचल्या नव्हत्या. वाचल्या असल्या तरी कुणी चाचांना तसं सांगितलं नव्हतं.

त्यामुळे नवं पुस्तक छापून आलं की चाचा पहिली प्रत आणि खजुराचं पाकीट घेऊन काकांकडे यायचे. मग दहा-बारा दिवसांनी निकाल ऐकायला पुन्हा यायचे. ओट्याच्या कडेला अवघडून बसायचे आणि बोलता बोलता आतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे त्यांची नजर जायची.

"साहेब, या वेळी कुठपर्यंत टिकलो?"

"दुसऱ्या प्रकरणापर्यंत."

"मागच्या वेळीपण दुसरंच होतं," चाचा म्हणायचे आणि हसायचे. "चला, अल्लाची मर्जी. पुढच्याला अजून मेहनत करतो."

गंमत अशी की चाचांच्या बाबतीत काकूंना कधीही खोटं बोलावं लागलं नाही. चाचांना आपल्या खुन्याची इतकी माया असायची की तो पहिल्यांदा आला की त्याचं वर्णन दीड पान चालायचं. काकांनी आयुष्यात जे काही खरोखर ओळखलं, ते चाचांचे खुनी.

तर काकू नाशिकला असतानाच वाचनालयाचा वर्धापनदिन आला. या वेळी समितीनं रहस्यकथांचा कार्यक्रम ठरवला. अध्यक्षस्थानी चाचा, कारण ते एकटेच गावातले रहस्यकथाकार, शिवाय वाचन कक्षातले दोन पंखेही त्यांनीच दिलेले. आणि प्रमुख भाषण काकांचं. विषय, माझे तीन आवडते रहस्यकथाकार. चिटणीस घरी येऊन विनंती करून गेले आणि काकांनी फुशारून होकार दिला. चिटणीसांची पाठ फिरल्यावर ते कपाटासमोर जाऊन उभे राहिले.

तीन नावं कुठून आणायची? ज्यानं फसवलं तो आवडता, आणि फसवलं तर कुणीच नाही. काकांनी मधला कप्पा खाली उतरवला. एकेका लेखकाला पुन्हा तराजूत घातलं. भाषेला इतकं, वातावरणाला इतकं, अशी वजनं लावून पाहिली. एकही पुस्तक वर जाईना. चार-पाच दिवस त्यांचं जेवणावरही लक्ष नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी, त्यांनीच केलेलं खारट पिठलं आम्ही दोघं खात असताना, ते एकदम बोलायला लागले.

"नोकरीभर काट्यावर डोळा ठेवला. कुणावर म्हणून विश्वास टाकला नाही. घरी येऊन गोष्टी वाचायला लागलो ते कशासाठी? म्हटलं, इथे तरी कुणी आपल्याला फसवेल. फसलो तर बरं वाटेल. त्या पहिल्या वेळी स्वयंपाकी चुकला तेव्हा चिडलो खरा, पण ते पुस्तक अजून आठवतं. मुखपृष्ठ फाटलेलं होतं, लेखकाचं नाव काही कळलं नाही. त्यानंतर एकही नाही गं. सगळे माझ्यापेक्षा कमीच निघाले." त्यांनी ताट बाजूला सारलं. "एवढं वाचलं, आणि मनापासून आवडला असा एक माणूस सांगता येत नाही मला."

काकूंनी त्यांचं मन राखायला इतकी वर्षं 'बरोबर' म्हटलं, आणि त्या 'बरोबर'नंच या माणसाच्या वाट्याचा सगळा आनंद टाके घालून बंद करून ठेवला होता. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. पिठल्याला मी नाव ठेवलं नाही, तेवढं एक चांगलं केलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून नाशिकला फोन लावला. काकूंना सगळं सांगितलं, माझ्या फाटक्या 'बरोबर'वर काका घशाबद्दल काय म्हणाले तेही. पलीकडे बाळ रडत होतं, ते काकूंनी शांत केलं. मग म्हणाल्या, "येते मी."

आल्या त्या दिवशी त्यांनी पिशवीही आत नेली नाही. शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री काढली आणि काकांच्या पुढे ठेवली.

"कपाटातली पुस्तकं काढा आणि टाके उसवून शेवट वाचा. मी तुम्हाला खोटं सांगत आले."

"कशाबद्दल?"

"सगळ्याबद्दल. तुम्ही बहुतेक वेळा चुकलात."

काकांनी आधी कात्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "किती वेळा चुकलो?" त्यांनी विचारलं.

"मोजलं नाही."

जन्मभर मोजमापावर जगलेल्या माणसाला यापेक्षा मोठा धक्का देता आला नसता. ते उठले, मधल्या कप्प्यातली पुस्तकं दोन्ही हातांत घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघी बाहेर बसलो. काकूंनी सवयीनं तांदूळ निवडायला घेतले, पण लक्ष दाराकडे होतं. खडे ठेवत होत्या आणि तांदूळ टाकत होत्या. मला म्हणाल्या, "आता बाजार तर नाही, पण मंडई बंद करतील बघ." आतून कात्रीचा कचकच आवाज येत होता. मग तोही थांबला.

आणि मग आतून आरोळी आली, "माळी!"

काकू दचकून उभ्या राहिल्या. दार उघडून काका बाहेर आले, चष्मा कपाळावर, बनियनवर दोऱ्याचे तुकडे. "अगं माळी! तो झाडांना पाणी घालत होता आणि मी त्याला पारड्यातसुद्धा घातला नव्हता! काय फसवलंय, काय फसवलंय!" एवढं बोलून ते पुन्हा आत गेले. थोड्या वेळानं पुन्हा आले. "आणि ते विष टोपीत होतं!" शाळेत पहिल्या आलेल्या मुलानं सांगावं तसे ते सांगत होते. मी त्यांना तीन वर्षं ओळखत होते, पण इतकं खूश झालेलं पहिल्यांदाच बघत होते.

पुढचे दिवस ते दाढी न करता उसवत आणि वाचत राहिले. खालचे कप्पे रिकामे व्हायला लागले आणि वरचा कप्पा भरत गेला. इतका भरला की मधोमध फळी वाकली, तिला खालून टेकू द्यावा लागला. एका दुपारी जेवताना मात्र त्यांचा हात थांबला. माळी, टोपी, धाकटी जाऊ हे सगळं मागे पडून त्यांना पहिल्यांदाच समोर वाढत उभी असलेली बाई दिसली असावी.

"शेंगा," ते म्हणाले. "शेंगा कुठे जायच्या?"

"कोळंबीत," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भात वाढला.

काकांनी तो भात संपवला. नंतर ते उठून कुंपणापाशी गेले, वॉचमनला हाक मारली आणि त्याच्या हातात शेंगांची जुडी दिली. तो बिचारा ती कशासाठी मिळाली हे विचारायच्या मनःस्थितीत नव्हता. त्यानं ती घेतली आणि पळाला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी काकांनी मला जिन्यात गाठलं. भाषण तयार होतं. पहिली दोन नावं वरच्या कप्प्यातली, ती त्यांनी मला सांगितली. ती मी इथे देत नाही, कारण त्या दोघांचे चाहते आजही एकमेकांशी बोलत नाहीत. "आणि तिसरं," काका आवाज खाली आणून म्हणाले, "तिसरं नाव हिचं. बाकीच्यांनी एकेका पुस्तकात फसवलं. हिनं जन्मभर फसवलं, तेही समोर बसून, मेथी निवडत. तिला सांगू नकोस. आधी लोकांना ओळखायला लावणार आहे."

मी कुणाला सांगितलं नाही. काकांच्या घरात राहून एवढं तरी शिकले होते.

वाचनालयाचा हॉल बऱ्यापैकी भरला होता. चाचा इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून अध्यक्षांच्या खुर्चीत ताठ बसले होते. मी आणि काकू दुसऱ्या रांगेत. काका छान बोलले. आपले निकाल इतकी वर्षं चुकत होते आणि ते अलीकडेच कळलं, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. मंडईतले दोन भाजीवाले मागे उभे होते, त्यांनी हे ऐकून एकमेकांकडे बघितलं. पहिलं नाव झालं, दुसरं झालं, टाळ्या झाल्या.

"तिसरं नाव तुम्ही ओळखायचं," काका म्हणाले. "ही व्यक्ती आपल्या पनवेलचीच आहे. वर्षानुवर्षं माझ्या ओट्यावर माझ्यासमोर बसत आली. मी तिला कधी पारड्यातही घातलं नाही, आणि ही एवढी मोठी चूक माझ्या गेल्या पंधरवड्यात लक्षात आली. आज ही व्यक्ती या हॉलमध्ये आहे. सांगा, कोण?"

बोलता बोलता ते दुसऱ्या रांगेकडे बघून हसत होते. काकूंनी पदर सारखा केला. त्यांना कळलं होतं, हे मला शेजारी बसून कळलं, कारण त्यांचा कान लाल झाला होता.

तेवढ्यात व्यासपीठावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. चाचा उभे राहिले होते. अध्यक्षांनी मध्येच उभं राहायचं नसतं हेही ते विसरले होते. एक हात छातीवर होता आणि डोळे भरून आले होते.

"साहेब," ते म्हणाले, "ते नाव आमचं आहे का?"

काकांनी चाचांकडे बघितलं. मग काकूंकडे बघितलं. ज्या माणसानं जन्मात कुणाला पाच ग्रॅमचीही सूट दिली नाही, तो माइकसमोर उभा होता, आणि खरं उत्तर माझ्या शेजारी बसलं होतं. काकूंनी मान अगदी थोडी, तांदळातला खडा बघावा इतकीच, खाली केली.

काकांनी समोरचा भाषणाचा कागद उचलला, घडी घातला आणि मान वर न करता म्हणाले, "बरोबर."

टाळ्यांचा एवढा आवाज झाला की चाचा काय म्हणाले ते कुणालाच ऐकू आलं नाही. ते काकांना मिठी मारून उभे होते आणि काका त्यांच्या पाठीवर हळूहळू थोपटत होते. मला काकूंकडे बघवेना. स्वतःच्या हक्काचं नाव असं डोळ्यांदेखत दुसऱ्याला दिलं गेलं, त्यांना काय वाटलं असेल? धीर करून बघितलं, तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

"घसा साफ होता हो," माझ्या कानाशी वाकून काकू म्हणाल्या. "शिकले एकदाचे."